भिंतीवरचा शेवटचा परिच्छेद

शैलाताई,

शोकसभेत सगळे म्हणाले, तुम्ही फार शांत होतात. तुमच्या एका विद्यार्थिनीनं तर सांगितलं की तुमचा आवाज चढलेला तिनं कधी ऐकलाच नाही. मी मागच्या रांगेत बसले होते. तुमच्या मुलानं, निनादनं, माझ्याकडे पाहून 'बोलता का?' असं खुणेनं विचारलं. मी नको म्हटलं. काय बोलणार होते? की शेवटचे काही महिने आपण एकमेकींशी धड बोलत नव्हतो, आणि तुमचा चढलेला आवाज मी चांगला ऐकला आहे?

रागावू नका, पण त्या सभेतल्या बाईंना मी ओळखलंच नाही. माझ्या ओळखीच्या शैलाताई मातीत हवेचा बुडबुडा राहिलेला दिसला की अख्खं भांडं तारेनं कापून टाकायच्या आणि वर म्हणायच्या, "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा. इथे आधीच ओल खूप आहे."

मी नागपूरची. बदली होऊन पुण्यात आले तेव्हा ऑफिस सोडलं तर या शहरात मला कोणी ओळखत नव्हतं. कसबा पेठेत एका तांबटाच्या दुकानाशेजारी रविवारी मातीकाम शिकवतात असं कळलं, म्हणून तुमच्या स्टुडिओत आले. तुम्ही माझी इस्त्रीची साडी पाहिलीत आणि विचारलंत, "काय करता?" मी हुद्दा सांगितला. "असू दे. मातीला सांगू नका, ती ऑर्डरी ऐकत नाही." मग आडनाव विचारलंत. पुण्यात विचारतातच. मी सांगितलं. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि मातीचा गोळा माझ्या हातात दिलात. त्या 'बरं'मध्ये मी पुढे बरेच दिवस काहीतरी शोधत होते. सापडलं नाही. हे तुमच्या बाजूनं सांगायला हवं.

वर्षभरात तुम्ही मला 'अगं करुणा' म्हणायला लागलात आणि मी तुम्हाला ताई. भट्टी निवायची वाट बघत बसलो असताना एकदा तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. लग्नानंतर यजमानांच्या शिक्षणासाठी तुम्ही अमेरिकेत गेलात, साउथ कॅरोलायनात. तिथल्या लहानशा संग्रहालयात तुम्हाला कमरेएवढा उंच रांजण दिसला. हिरवट तपकिरी, अंगावरून राखेच्या ग्लेझचे, म्हणजे काचेसारख्या लेपाचे ओघळ उतरलेले. आपण लोणच्यासाठी जी चिनी मातीची बरणी वापरतो, त्याच जातीचं भांडं. दगडासारखं टणक भाजलेलं. खारट ठेवा, आंबट ठेवा, झिरपत नाही. तिकडच्या मळ्यांवर खारवलेलं मांस आणि चरबी साठवायला असे रांजण लागायचे, आणि ते घडवणारे हात गुलामांचे होते. माती खणणारा, चाक फिरवणारा, भट्टीत लाकडं सारणारा, प्रत्येक जण कोणाच्या तरी मालकीचा.

"एकानं ओल्या मातीत आपलं नाव कोरून ठेवलं," तुम्ही म्हणालात. "गुलामानं लिहायचं-वाचायचं नाही असा कायदा असताना. बाकीच्यांचं काहीच उरलं नाही. आतून हात फिरवला ना, तर बोटांचे कंगोरे लागतात. तेवढंच."

तुमचा आवाज तेव्हा कापला होता. तो कापला म्हणून मी तुमच्याकडे टिकले, ताई. माझ्या माणसांनी काय काय सोसलं हे या बाईला सांगावं लागणार नाही, तिला ते आपोआप कळेल, असं मला वाटलं होतं.

तिथून परतल्यावर तुम्ही आयुष्यभर त्याच पद्धतीनं काम केलंत. कॅम्पातल्या बेकरीतून लाकडाची राख गोणीनं आणायची, ती चाळायची, धुवायची, माती आणि वाळूत कालवून तिचा लेप भांड्यांना द्यायचा. आता सत्तरी उलटल्यावर तुमच्या मनात एक मोठं प्रदर्शन होतं: त्या अनाम कुंभारांच्या आठवणीत घडवलेले रांजण, आणि भिंतीवर त्यांची हकिगत. "मजकूर तू लिही," तुम्ही म्हणालात. "मी लिहिला तर पाककृतीसारखा होईल."

मी लिहीत होते. तुम्हाला आवडत होतं. आणि मग ती दुपार आली.

तुम्ही विद्यार्थ्यांपुढे त्या कुंभारांबद्दल बोलला होतात. फार सुंदर बोललात. दोघीतिघींनी डोळे पुसले. सगळे गेल्यावर तुम्ही आपल्या दोघींसाठी चहा टाकलात. शेजारी तांबटाची ठकठक चालू होती. खुशीत होतात. एवढ्या कष्टाची माणसं आता होणं नाही, असं काहीसं म्हणता म्हणता तुम्ही सहज सांगायला लागलात.

"आमच्या माहेरीसुद्धा म्हणे पूर्वी एक कुणबीण होती. जातीनं कोण ते नाही माहीत, घरकामाच्या दासीला तेव्हा कुणबीणच म्हणायचे. पणजोबांच्या आजोबांच्या लग्नात आंदण आलेली. दळण, कांडण, पाणी, सगळं तिच्याकडे. आई सांगायची, इतकी जीव लावून राहिली की मरेपर्यंत घर सोडलं नाही."

"आंदण म्हणजे?"

"म्हणजे नवरीबरोबर पाठवलेली. भांडीकुंडी, गाय, तशी."

"म्हणजे विकत घेतलेली."

"विकत कसली, घरातलीच होती."

"सोडून जायची मुभा होती का तिला?"

तुम्ही कप खाली ठेवलात. "पेशवाईतली गोष्ट आहे, करुणा. तेव्हा रीतच तशी होती."

"साउथ कॅरोलायनातही रीतच होती, ताई."

मी तिचं नाव विचारलं. ते आता कोणाला ठाऊक असणार, असं तुम्ही म्हणालात. मग मी म्हटलं की भिंतीवरच्या मजकुराच्या शेवटी एक परिच्छेद तिच्यावर लिहू या. तिकडच्या गुलामांबद्दल सांगून झाल्यावर, इथल्या. या पेठांमधून बायका विकल्या जात होत्या, शिक्षा म्हणून बटकी केल्या जात होत्या, लग्नात दिल्या जात होत्या. त्यातली एक तुमच्या घरात होती.

"माझ्या प्रदर्शनात माझ्या आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचंय तुला?" तुमचा आवाज एवढा चढला की तांबटाची ठकठक थांबली. "तुला जिकडे तिकडे तेच दिसतं."

"तेच म्हणजे काय?"

तुम्ही उठलात आणि चहाची भांडी विसळायला लागलात.

माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली, त्याआधी त्यांचे वडील गावची वतनी कामं करायचे. मेलेली गुरं ओढणं, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे पळणं, सांगावा घेऊन अनवाणी परगावी जाणं. नाही म्हणायची सोय नव्हती. आमच्या घरातही आठवणी सांगितल्या जातात, ताई. फक्त त्या चहाबरोबर हसत सांगण्याजोग्या नव्हत्या. हे मी तुम्हाला त्या दुपारी सांगायला हवं होतं की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही विचारलंत तर सांगेन, असं मी ठरवलं होतं. तुम्ही विचारलं नाहीत.

तरी आपण काम सोडलं नाही. सोडता येत नव्हतं. मोठा रांजण एका माणसाच्यानं होत नाही. खालचा भाग चाकावर ओढून झाला की तो थोडा सुकू द्यायचा, मग वरून मातीचे दोरासारखे जाड वळ एकावर एक चढवायचे. एकीनं चाक हळूहळू फिरवायचं, दुसरीनं आत हात घालून वळ दाबत वर यायचं. तुमचे खांदे दुखायचे, म्हणून आतला हात माझा होता. एरवी आपण अशा वेळी अखंड बोलायचो. आता तुम्ही फक्त 'थांब', 'दाब', 'जास्त झालं' एवढंच म्हणायचात. एकदा माझ्या बोटांचे कंगोरे पुसायला मी पत्र्याची पट्टी घेतली, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "राहू दे ते," म्हणालात. डोळ्यांत पाहिलं नाहीत. मी पट्टी ठेवून दिली. तुम्हाला नेमकं काय राहू द्यायचं होतं, हे विचारण्याइतकं आपलं बोलणं उरलं नव्हतं.

मग तुमचा खोकला वाढला, तपासण्या झाल्या, आणि जे कळलं ते फार उशिरा कळलं. निनाद बंगळुरूहून आला. मी हॉस्पिटलमध्ये भेटायला आले ती दुपारची वेळ होती. तुम्ही खूप वाळला होतात. मी भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीवर बसले. आपण भट्टीबद्दल बोललो, उरलेल्या रांजणांबद्दल बोललो, हॉस्पिटलच्या पिवळ्या खिचडीबद्दल तुम्ही एक तिखट शेरा मारलात. मी निघताना तुम्ही म्हणालात, "तो शेवटचा परिच्छेद. लिहिलास?"

"लिहिलाय. लावायचा की नाही ते तुम्ही सांगा."

"बघू."

पुण्यात 'बघू'चा अर्थ काय होतो, ते इतक्या वर्षांत मला कळलं आहे. बहुतेक वेळा 'नाही' होतो. पण तुमच्या बाबतीत कधी कधी तो खरोखरच 'बघू' असायचा. मी जिना उतरताना याच विचारात होते. पुढच्या भेटीत विचारू, असं म्हटलं. पुढची भेट झाली नाही.

गॅलरीच्या तारखा आधीच घेतलेल्या होत्या. प्रदर्शन करायचंच, असं निनादनं ठरवलं. उरलेले रांजण आम्ही भाजले. मग त्यानं मला विचारलं, "मावशी, टेक्स्टचं आईनं काही फायनल केलं होतं का? मला ती काहीच बोलली नाही." मी त्याला सगळं सांगितलं. आंदण आलेली बाई, भांडण, 'बघू'. तो बराच वेळ हातातल्या मोबाइलशी चाळा करत राहिला. "हे मी कधीच ऐकलं नव्हतं," म्हणाला. "म्हणजे गोष्ट ऐकली होती. पण अशी नव्हती ऐकली."

त्यानं मामांना विचारलं. तुमचे थोरले भाऊ, अप्पा. दुसऱ्याच दिवशी मला त्यांचा फोन आला. आम्ही एकमेकांना फक्त नावानं ओळखत होतो.

"प्रदर्शन मडक्यांचं आहे ना?"

"हो."

"मग आमच्या घराण्याला कशाला भाजताय?"

मी म्हटलं, घराण्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. "आपण फार हुशार आहात," ते म्हणाले. "शैलाचं नाव वर लिहिणार, तिच्या माहेरचं खाली लिहिणार, आणि लोक मूर्ख आहेत असं समजणार. माझी बहीण गेली आहे. तिच्या तोंडी तुमचे शब्द घालू नका."

फोन ठेवल्यावर मी रागावले होते. पण रागाखाली आणखी एक गोष्ट होती. त्यांचं शेवटचं वाक्य बरोबर होतं. त्या कुंभारांबद्दल आपण एवढं बोलत होतो, की त्यांच्या वतीनं कायम दुसरेच बोलले. मालक बोलले, कारखानदार बोलले. आता तुमच्या वतीनं मी बोलायला निघाले होते. तुम्ही हो म्हणाला नव्हतात. आणि परिच्छेद काढून टाकला असता, तर पुन्हा एकदा त्या आंदण आलेल्या बाईबद्दल कोणीच बोललं नाही, असं झालं असतं. दोन्ही बाजूंनी अन्यायच होता. त्या दिवशी मी तुमच्यावर मनापासून चिडले, ताई. एवढी शब्दाशब्दाला धार लावणारी बाई, आणि नेमका एक शब्द सांगायचा राहिला.

शेवटी मी परिच्छेद पुन्हा लिहिला. वरचा सगळा मजकूर तुमच्या नावाखाली ठेवला, तो तुम्ही वाचून पसंत केलेला होता. मग रेघ ओढून खाली माझं नाव घातलं आणि लिहिलं, की पुण्यातल्या घरांतही विकत घेतलेल्या आणि लग्नात दिलेल्या बायका होत्या. शैलाताईंच्या माहेरी अशी एक बाई होती, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. ती गुलाम होती असं मी म्हटलं, त्या 'घरातली' म्हणाल्या. यावर आमचं एकमत झालं नाही. भांडण चालू असतानाच त्या गेल्या.

निनादनं वाचलं. "हे चालेल," म्हणाला. मग म्हणाला, "आईला राग आला असता. पण खोटं आहे असं नसती म्हणाली."

उद्घाटनाला गर्दी होती. तुमचे रांजण पांढऱ्या चौथऱ्यांवर उभे होते आणि राखेचे ओघळ दिव्यांखाली ओले असल्यासारखे चमकत होते. लोक त्यांच्याभोवती हळू आवाजात बोलत होते. भिंतीपाशी मात्र कोणी ना कोणी थबकलेलं असायचं. एक बाई परिच्छेद वाचून तडक बाहेर निघून गेल्या. एका तरुण मुलीनं फोटो काढला. मी दाराकडे पाहत होते, आणि तेवढ्यात काठी टेकत अप्पा आले. तुमचंच कपाळ, तुमचंच नाक. ओळख करून द्यायची गरजच नव्हती.

ते कोणाशी बोलले नाहीत. थेट भिंतीपाशी गेले, चष्मा बदलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. साउथ कॅरोलायना, राख, चाक, ओल्या मातीत कोरलेलं नाव. रेघेच्या खाली आले. निनाद त्यांच्याकडे जायला निघाला, मी त्याला थांबवलं. वाचून झाल्यावर त्यांनी वळून खोलीत नजर फिरवली.

"करुणाबाई आपणच का?"

"हो."

"बसायला काही मिळेल?"

मी खुर्ची आणली. ते बसले, काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली. आता ते काय ऐकवणार याची मी मनात तयारी करत होते. उत्तरंसुद्धा जुळवत होते.

"शैला माझ्याकडे आली होती," ते म्हणाले. "हॉस्पिटलात जायच्या आधी. कोथरूडपर्यंत रिक्षानं आली, वर यायला तिला धाप लागली. मला वाटलं, भेटायला आली. तर म्हणते कशी, अप्पा, आपल्याकडे आंदण आलेली ती बाई, तिचं नाव काय होतं?"

मी त्यांच्या खुर्चीजवळ सरकले.

"मी म्हटलं, हे काय नवीन खूळ. तिनं पुन्हा विचारलं. मी ओरडलो तिच्यावर. एवढ्या आजारी माणसावर. तरी निघताना दारात उभी राहून तिनं परत विचारलंच." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "आमच्याकडे वंशावळ पाठ आहे. सात पिढ्यांच्या पुरुषांची नावं मी न अडखळता सांगेन. त्या बाईचं नाव मला माहीत नव्हतं. मला राग आला, तो त्याचा आला होता."

"परिच्छेद काढायचा का?" मी विचारलं. त्या क्षणी त्यांनी हो म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

"आता कशाला? वाचला लोकांनी." मग चष्मा पुन्हा लावत म्हणाले, "खोटं नाही लिहिलेलं."

ताई, तुम्ही गेला होतात. धापा टाकत तो जिना चढून विचारायला गेला होतात, आणि मी हॉस्पिटलमध्ये समोर बसले असताना मला सांगितलं नाहीत. का? नाव मिळालं नाही म्हणून? माझ्यासमोर हरल्यासारखं वाटलं असतं म्हणून? की मिळाल्यावर एकदम सांगू, असं मनात होतं? तुमच्या 'बघू'चा अर्थ आता मला कळतो, आणि तो असा उशिरा कळला याचा राग काही केल्या जात नाही. मी तिथे असताना तो मला कळायला हवा होता. मी निघाले नसते.

आणि तरी, एवढ्या सगळ्या वर्षांत मला तुमच्याकडून जे मिळालं, त्यात हे सगळ्यात मोठं आहे. तुम्ही माझ्यासमोर मान्य केलं नाहीत. पण माझ्या पाठीमागे, जिथे त्याचं श्रेय मिळणार नव्हतं, जिथे फक्त बोलणीच बसणार होती, तिथे जाऊन तुम्ही विचारलंत. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही गेला नव्हतात. तिच्यासाठी गेला होतात.

आज सकाळी अप्पांचा फोन आला. वाईला त्यांची एक चुलत आत्या आहे. वय झालंय, पण जुनं सगळं आठवतं, घरातल्या बायकांच्या गोष्टी तिच्याइतक्या कोणालाच माहीत नाहीत. "कदाचित तिला ठाऊक असेल," ते म्हणाले. "कदाचित हाकलूनही देईल. जिभेची फटकळ आहे. आमच्याकडे सगळेच आहेत. माझ्याकडे गाडी नाही. स्वारगेटहून बसनं जावं लागेल. आपण येता का?"

मी येते म्हटलं. निनादनं परतीचं तिकीट पुढे ढकललंय, तोही येणार आहे. त्या बाईच्या नावाचा प्रश्न कोणी विचारायचा, असं अप्पांनी जरा चाचरत विचारलं. तुम्ही लिहिलंय, तर तुम्हीच विचारा, असं त्यांच्या मनात होतं.

मी नाही म्हटलं, ताई. मी शेजारी बसेन, पण प्रश्न त्यांनी विचारायचा.